तेरा माणसांचा कट आणि कोणी न विचारलेला समाज

जून १६०५मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट केट्सबी या तिशी ओलांडलेल्या इंग्रज जमीनदाराने हेन्री गार्नेट या जेझुइट संघाच्या कॅथलिक धर्मगुरूंसमोर एक शंका ठेवली. हाती घेतलेले काम न्याय्य असेल, पण ते तडीस नेताना दोषींबरोबर काही निरपराध माणसेही प्राणाला मुकणार असतील, तर ते करणाऱ्याला पातक लागते काय? फ्लँडर्समधील युद्धात पथक घेऊन उतरण्याचा आपला विचार आहे, असे केट्सबी त्या काळात सांगत असे. त्यामुळे गार्नेट यांनी ही शंका सैनिकाची मानली आणि धर्मशास्त्रातले ठरलेले उत्तर दिले. न्याय्य युद्धात वेढा पडलेल्या शहरावर मारा करताना आतले निरपराध लोकही मरतात, पण तेवढ्यावरून ते युद्ध अधर्म्य ठरत नाही, असा त्याचा आशय होता. केट्सबीला एवढेच हवे होते. वेस्टमिन्स्टरमध्ये उमरावांच्या सभागृहाच्या बरोबर खाली असलेला गाळा त्याच्या साथीदारांनी मार्चमध्येच भाड्याने घेतला होता, आणि त्यात बंदुकीच्या दारूची ३६ पिंपे लाकूडफाट्याखाली लपवली जाणार होती.

या प्रश्नोत्तराची चर्चा गेली चारशे वर्षे होत आली आहे. मला मात्र केट्सबीने न विचारलेला प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या कॅथलिक समाजाच्या सुटकेसाठी म्हणून त्याने राजा, राजपुत्र, उमराव आणि लोकप्रतिनिधी यांना एकाच स्फोटात उडवून देण्याचे ठरवले, त्या समाजाला हे हवे आहे काय, याची त्याने कधी चौकशी केली नाही. कट फसल्यावर ज्या राजसत्तेने त्याच समाजावर कायदे लादले, तिनेही ती केली नाही. कटातली तेरा माणसे म्हणजे सगळे इंग्रज कॅथलिक, हे गृहीत कटवाल्यांच्या सोयीचे होते आणि दरबाराच्याही. केट्सबीचा वारसा तपासायचा तर हे गृहीतच तपासावे लागते.

जगाला केट्सबी माहीत नसतो, गाय फॉक्स माहीत असतो. फॉक्स हा यॉर्कचा, स्पेनच्या फौजेत राहून दारूगोळ्याचे काम शिकलेला सैनिक. कट त्याने रचला नाही. तो त्या गाळ्यात पहारा देत होता आणि ४ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास तिथेच सापडला, म्हणून त्याचे नाव राहिले. गेल्या दोन दशकांत त्याच्या मिश्यांचा हसरा मुखवटा सत्तेविरुद्धच्या आंदोलनांची खूण बनला, आणि २०१२मध्ये इंटरनेटवरील निर्बंधांचा निषेध करणाऱ्या तरुणांनी तो मुंबईतही घातला. मुखवटा घालणाऱ्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही, पण ज्याचा चेहरा त्यांनी उचलला त्याचा बेत काय होता हे त्यांनी एकदा पाहायला हवे. स्फोटानंतर जेम्स राजाच्या नऊ वर्षांच्या मुलीला, राजकन्या एलिझाबेथला, कोव्हेंट्रीजवळच्या वाड्यातून पळवायचे, तिला गादीवर बसवायचे आणि तिच्या नावाने कोणातरी कॅथलिक उमरावाने राज्य चालवायचे, असे ठरले होते. या आराखड्यात जनतेला कुठेच जागा नव्हती. जनतेने निवडून दिलेले सभासद होते, पण ते स्फोटात मरणाऱ्यांच्या यादीत.

असे असले तरी केट्सबीला माथेफिरू म्हणून निकालात काढणे हे सरकारी बखरीचे काम झाले. त्याचा संताप जिथून आला ती परिस्थिती खरोखरच असह्य होती. पोपने १५७० साली एलिझाबेथ राणीला बहिष्कृत करून तिच्या प्रजेला राजनिष्ठेतून मोकळे केले, आणि तेव्हापासून इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे आणि फितूर असणे यांतली रेघ पुसट होत गेली. १५८१च्या कायद्याने प्रॉटेस्टंट चर्चच्या उपासनेला न जाणाऱ्यावर महिन्याला २० पौंड दंड बसवला. ही रक्कम भल्याभल्या जमीनदारांना धुऊन काढणारी होती. १५८५च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूचे इंग्लंडमध्ये नुसते असणे हाच राजद्रोह ठरवला आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड ठेवला. पुढच्याच वर्षी, २५ मार्च १५८६ रोजी, यॉर्कमध्ये मार्गारेट क्लिदरो या खाटकाच्या बायकोला याच गुन्ह्यासाठी मारण्यात आले. आपली मुले आणि घरातली माणसे साक्षीला ओढली जाऊ नयेत म्हणून तिने न्यायालयापुढे गुन्हा कबूलही केला नाही आणि नाकारलाही नाही. त्यावर कायद्याने जी तरतूद होती तीच वापरली गेली. तिला जमिनीवर उताणे निजवले, पाठीखाली धारदार दगड ठेवला, अंगावर दार घातले आणि त्या दारावर जीव जाईपर्यंत वजने रचली. गाय फॉक्स तेव्हा त्याच शहरात राहणारा पंधरा वर्षांचा मुलगा होता.

केट्सबीच्या घराचीही हीच कथा. एडमंड कॅम्पियन या जेझुइटाला आसरा दिल्याच्या प्रकरणात त्याच्या वडिलांना १५८१मध्ये शिक्षा झाली आणि पुढची बरीच वर्षे तुरुंगात किंवा नजरकैदेत गेली. केट्सबी स्वतः ऑक्सफर्डला शिकला, पण पदवी न घेता बाहेर पडला. पदवीसाठी राणीला धर्मप्रमुख मानण्याची शपथ घ्यावी लागे. १६०१मध्ये तो अर्ल ऑफ एसेक्सच्या फसलेल्या बंडात सापडला, जबर दंड भरून सुटला आणि त्यासाठी चॅसलटनची जमीन विकून बसला. पत्नी आधीच वारली होती. ती प्रॉटेस्टंट घरातली होती, आणि तिच्या हयातीत केट्सबी धर्माच्या बाबतीत बराच सैल झाला होता. थोडक्यात, १६०३मध्ये राणी वारली तेव्हा त्याच्यापाशी गमावण्यासारखे फारसे उरले नव्हते. इंग्लंडमधल्या बहुतेक कॅथलिकांपाशी मात्र ते होते, आणि पुढच्या साऱ्या अनर्थाचे मूळ मला या फरकात दिसते.

नव्या राजाकडून, स्कॉटलंडहून आलेल्या जेम्सकडून, कॅथलिकांना आशा होती. त्याची आई मेरी कॅथलिक होती आणि एलिझाबेथच्या हुकमाने तिचा शिरच्छेद झाला होता. जेम्सने सुरुवातीला दंडवसुली थांबवलीही, पण १६०४च्या फेब्रुवारीत धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम निघाला आणि दंडाची वसुली पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पेनने इंग्लंडशी तह केला आणि बाहेरून मदत येण्याची वाटही बंद झाली.

या काळाचा एक धागा मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. १५७९मध्ये गोव्यात आलेले आणि १६१६मध्ये राशोल येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध करणारे फादर थॉमस स्टीफन्स हे याच छळातून बाहेर पडलेले इंग्रज कॅथलिक. ज्या मित्राबरोबर त्यांनी रोमला जाऊन जेझुइट होण्याचा बेत केला होता, तो टॉमस पाउंड निघण्यापूर्वीच पकडला गेला आणि त्याची सुमारे तीस वर्षे इंग्लंडच्या निरनिराळ्या तुरुंगांत गेली. जेम्स गादीवर आल्यावर तो सुटला. सुटल्यावर त्याने कट केला नाही. लँकेशरच्या कॅथलिकांवर न्यायालयात होत असलेल्या अन्यायाची तक्रार उघडपणे राजाकडे केली. त्याबद्दल स्टार चेंबर या राजाच्या न्यायालयाने त्याला जबर दंड ठोठावला आणि चारचौघांत खोड्यात उभे राहण्याची शिक्षा दिली. अर्ज करणाऱ्याचे असे स्वागत होत असेल तर बारूदाशिवाय दुसरा मार्ग कोणता, असे केट्सबीच्या बाजूने म्हणता येईल, आणि त्याला झटकन देता येईल असे उत्तर नाही. मलाही हा त्याच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा वाटतो.

पण तो मुद्दा पाउंडच्या तोंडून येता तर वेगळी गोष्ट होती. तीस वर्षे ज्याने भोगले त्याने पुन्हा अर्जच केला, आणि कॅथलिक समाजातील बहुसंख्यांचा कौल कुठे होता हे इतर घटनांतूनही दिसते. १६०३मध्ये विल्यम वॉटसन या धर्मगुरूने राजाला पकडून सवलती वदवून घेण्याचा एक कट केला होता, त्याची खबर सरकारला कॅथलिक धर्मगुरूंनीच दिली. गार्नेट यांनी रोमला पत्रे पाठवून इंग्रज कॅथलिकांना शस्त्र उचलण्यास पोपने स्पष्ट मनाई करावी, अशी मागणी केली होती. २६ ऑक्टोबर १६०५ रोजी लॉर्ड मॉन्टीगल या कॅथलिक उमरावाच्या हाती निनावी पत्र पडले आणि कट फुटला. पत्र कोणाचे यावर वाद आहे, पण ते घेऊन तडक मंत्र्याकडे जाणारा माणूस कॅथलिकच होता. पार्लमेंटमध्ये बसणारे आणखीही कॅथलिक उमराव होते. त्यांना वाचवावे काय यावर कटवाल्यांत वाद झाला, आणि सरसकट इशारा द्यायला केट्सबीने नकार दिला. आपल्याच धर्माची माणसे आपल्याच धर्मासाठी मरू द्यायची, हा निर्णय एका खोलीत झाला.

फॉक्स पकडला गेल्यानंतरचे तीन दिवस तर या वादाचा निकालच लावतात. केट्सबी मिडलँड्सकडे पळाला. तिथे डनचर्च येथे शिकारीच्या निमित्ताने सर एव्हरार्ड डिग्बीने कॅथलिक जमीनदारांची जमवाजमव केली होती. केट्सबीने डिग्बीला सांगितले की राजा मेला आहे. ही थाप होती, आणि ती त्याने ज्या माणसाने आपले घरदार त्याच्यावर लावले होते त्याला मारली. शिकारीला जमलेल्यांपैकी बहुतेकांनी प्रकरण कळताच घोडे घराकडे वळवले. वाटेत वॉर्विक आणि ह्यूएल येथून घोडे आणि हत्यारे पळवत ही टोळी वूस्टरशरमधून गेली, पण गावोगावचे कॅथलिक उठले नाहीत. कटातला टॉमस विंटर आणि त्याचा साथीदार कटातल्याच एकाच्या सासऱ्याकडे, जॉन टॅलबट या मातबर कॅथलिकाकडे, मदत मागायला गेले, तर त्याने त्यांना दारातूनच परत पाठवले. जी माणसे वर्षानुवर्षे जीव धोक्यात घालून धर्मगुरूंना घरात लपवत आली होती, त्यांनी केट्सबीला आसरा दिला नाही. त्यांना भ्याड म्हणायला जीभ धजणार नाही. ज्याला ते आपला माणूस म्हणायला तयार नव्हते, त्याच्या नावाने पुढची दोनशे वर्षे त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना जाब द्यावा लागला.

शेवट स्टॅफर्डशरच्या हॉलबीच हाऊसमध्ये झाला. पावसात भिजलेली दारू चुलाणापुढे वाळत घातली असताना ठिणगी पडली आणि काही जण होरपळले, एकाची दृष्टी गेली. ८ नोव्हेंबरला शेरीफच्या माणसांनी घराला वेढा दिला तेव्हा केट्सबी गोळी लागून मेला. लंडनच्या टॉवर या किल्ल्यात तोवर फॉक्सचा छळ सुरू झाला होता. आधी सौम्य उपाय योजावेत आणि मग पायरीपायरीने वाईटाकडे जावे, असे जेम्सने स्वतःच्या हाताने लिहून दिले होते. फॉक्सच्या जबानीवरची सही आजही पाहता येते. कागदावर ‘ग्विदो’ एवढीच अक्षरे कशीबशी उमटली आहेत, आणि आडनाव लिहिण्याइतकी ताकद त्या हातात उरली नव्हती हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

आता एक साधा हिशेब मांडू. कटात तेरा माणसे होती. केट्सबी, पर्सी आणि राइट बंधू असे चौघे हॉलबीचला मेले. ट्रेशम डिसेंबरमध्ये टॉवरमध्ये आजाराने गेला. उरलेल्या आठ जणांवर वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये एका दिवसात खटला चालला आणि ३० व ३१ जानेवारी १६०६ रोजी त्यांना फासावर चढवून, चिरून, तुकडे करून मारण्यात आले. ३१ जानेवारीच्या संध्याकाळी कटातला एकही माणूस जिवंत नव्हता. पापनिवेदनातून कट कळूनही तो उघड न केल्याबद्दल गार्नेट यांनाही ३ मे रोजी फाशी झाली. अस्तित्वात असलेल्या कायद्याने आपले काम पुरेपूर केले होते. त्यानंतर, मे १६०६मध्ये, पार्लमेंटने जे नवे कायदे केले ते कोणासाठी होते? अर्थातच जे कटात नव्हते त्यांच्यासाठी.

त्या कायद्यांनी कॅथलिकांना वकिली आणि वैद्यकी बंद केली, लंडनच्या दहा मैलांच्या परिसरात येण्यास मज्जाव केला, वर्षातून एकदा प्रॉटेस्टंट चर्चमध्ये प्रसाद घेणे सक्तीचे केले, आणि २० पौंडांच्या दंडाऐवजी वाटल्यास दोन तृतीयांश जमीनच ताब्यात घेण्याची मुभा राजाला दिली. खरी मेख मात्र राजनिष्ठेच्या शपथेत होती. ९ नोव्हेंबरच्या भाषणात जेम्सने स्वतःच सांगितले होते की या कृत्याचा दोष सर्व कॅथलिकांवर टाकता येणार नाही, आणि शपथेचा बोलून दाखवलेला हेतूही इमानी कॅथलिक वेगळे काढण्याचाच होता. पण शपथ घेणाऱ्याला राजाशी इमान राखीन एवढे म्हणून भागत नव्हते. पोपने बहिष्कृत केलेल्या राजाला प्रजेने पदच्युत करावे किंवा मारावे, हे मत पाखंडी असल्याचेही त्याला शपथेवर सांगावे लागे. राजाला मारणार नाही, असे कोणताही कॅथलिक शेतकरी आनंदाने म्हणाला असता. पाखंड कशाला म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्याच्या श्रद्धेप्रमाणे लंडनच्या पार्लमेंटकडे नव्हता. त्याच वर्षी पोप पाचव्या पॉलने ही शपथ घेण्यास मनाई केली. इंग्लंडमधील कॅथलिक धर्मगुरूंचे प्रमुख जॉर्ज ब्लॅकवेल यांनी पकडले गेल्यावर शपथ घेतली आणि इतरांनाही घेण्याचा सल्ला दिला, तेव्हा रोमने त्यांना पदावरून काढले आणि लंडनने तुरुंगातून सोडले नाही. सामान्य कॅथलिकाची यापेक्षा बरी गत होणार नव्हती.

यावर असे म्हणतात की राज्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. पोपचा फतवा रद्द झालेला नव्हता, १५८८मध्ये चालून आलेल्या स्पेनच्या आरमाराची आठवण ताजी होती, आणि राजापासून लोकप्रतिनिधींपर्यंत सर्वांना एका क्षणात संपवणारा बेत थोडक्यात हुकला होता. ही भीती खोटी नव्हती. जेम्सच्या कारकिर्दीत या कायद्यांची अंमलबजावणी पुष्कळ सैल राहिली, हेही मान्य केले पाहिजे. पण कायदा सैल असला म्हणून निरुपद्रवी होत नाही. तो पुढच्या माणसाच्या हाताशी राहतो. ५ नोव्हेंबर हा देवाचे आभार मानण्याचा दिवस म्हणून कायद्याने ठरला आणि १८५९पर्यंत चर्चमध्ये त्या दिवशीची खास प्रार्थना होत राहिली. मुलांनी शेकोट्या पेटवायच्या, पुतळे जाळायचे, आणि पुतळा पुष्कळदा फॉक्सचा नसून पोपचा असायचा. सत्तर वर्षे दरसाल हे ऐकलेल्या पिढीपुढे १६७८मध्ये टायटस ओट्स नावाच्या भामट्याने कॅथलिकांच्या नव्या कटाची निव्वळ बनावट कहाणी मांडली, तेव्हा ती खरी मानायला पुराव्याची गरज भासली नाही. डझनाहून अधिक निरपराध माणसे फासावर गेली. आयर्लंडमधील आर्माचे आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांना १६८१मध्ये लंडनच्या टायबर्न या फाशीच्या जागी मारण्यात आले. पुढे ओट्सवर खोट्या साक्षीचा गुन्हा शाबीत झाला. कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसण्याचा हक्क मिळायला १८२९ साल उजाडले.

केट्सबीच्या नावावर जमा करायचे ते हेच. आपण हरलो तर किंमत कोण मोजेल याचा त्याने विचार केला नव्हता असे नाही. केला होता, आणि ती दुसऱ्यांनी मोजावी हे त्याला चालणारे होते. छळ करणाऱ्या राजसत्तेचा दोष याने तसूभरही कमी होत नाही. पण छळ खरा होता एवढ्यावरून त्या छळाविरुद्ध उठलेला प्रत्येक माणूस पीडितांचा प्रतिनिधी होत नाही, आणि आजही एखाद्या समाजातल्या चार जणांच्या कृत्यावरून त्या समाजाला शपथा घ्यायला लावणाऱ्यांनी आणि त्या चौघांना समाजाचे वीर म्हणून मिरवणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहावे. दोघेही एकाच गृहीतावर उभे असतात.

या छळाची आठवण खुद्द कॅथलिक चर्चने कशी जपली, हेही पाहण्यासारखे आहे. १९७०मध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या ज्या ४० हुतात्म्यांना संत घोषित करण्यात आले, त्यांत मार्गारेट क्लिदरो आहे, आणि निकोलस ओवेनही आहे. ओवेन सुतारकाम करणारा, बुटका, लंगडत चालणारा. गावोगावच्या कॅथलिक वाड्यांत भिंतींच्या आत, जिन्यांखाली, धुराड्यांच्या पाठीमागे धर्मगुरूंसाठी लपायच्या जागा त्याने वर्षानुवर्षे रात्री एकट्याने खोदल्या. जानेवारी १६०६मध्ये हिंडलिपच्या वाड्यावर छापा पडला तेव्हा गार्नेट अशाच एका भोकात आठवडाभर दडून होते आणि धुराड्याच्या भिंतीतून आत सोडलेल्या नळीने त्यांना रस्सा पाजला जात होता. ओवेन त्याच वाड्यात पकडला गेला. त्याला अंतर्गळ होता आणि अशा माणसाला टांगून छळणे कायद्याने मना होते. तरी टॉवरमध्ये त्याला टांगले आणि तो त्यातच मेला, एकाही लपणाचा पत्ता न सांगता. केट्सबी त्या यादीत नाही. गार्नेटही नाहीत, आणि कटाशी जोडले गेलेले त्यांचे नाव हे त्याचे उघड कारण आहे.

राज्याच्या कायद्यात मात्र ही निवड अजून झालेली नाही. १७०१च्या कायद्याने ब्रिटनच्या गादीवर कॅथलिक व्यक्तीला बसण्यास मनाई केली आणि कॅथलिकाशी लग्न करणाऱ्याचाही हक्क काढून घेतला. यांतली लग्नाची अट २०१३च्या कायद्याने गेली, गादीची राहिली. राजा हा इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख असल्यामुळे ती लागते, असे तिच्या समर्थनार्थ सांगितले जाते. परंतु राजाने त्या चर्चच्या पंगतीत असलेच पाहिजे, ही अट त्याच १७०१च्या कायद्यात वेगळी लिहिलेली आहे, आणि तिच्यामुळे हिंदू, ज्यू, मुसलमान किंवा नास्तिक राजा आपोआपच बाद होतो, कोणाचेही नाव न घेता. कॅथलिक राजाही तिनेच बाद झाला असता. मग नाव घेऊन घातलेली दुसरी बंदी काय साधते? ती काढून टाकण्याने ब्रिटनच्या राज्यव्यवस्थेतली एक वीटही हलणार नाही, आणि म्हणूनच ती काढली पाहिजे.